तीस थाऊची फट

मी, ट्वायला जीन स्नॅव्हली, वय वर्षे शहात्तर, कै. ओरिन स्नॅव्हली यांची पत्नी, धंदा इंजिनांचं मशीनकाम, राहणार पिक्वा गावाच्या उत्तरेला, जिल्हा मायामी, राज्य ओहायो, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणी न सांगता लिहिते आहे. माझी फुप्फुसं कामातून गेली आहेत; डोकं गेलेलं नाही. नाकात ऑक्सिजनची नळी आहे म्हणून बाई शुद्धीत नव्हती असं उद्या कोणी कोर्टात म्हणालं, तर त्याला मी जिवंत असताना माझ्यासमोर क्रँकशाफ्ट मोजायला बसवायला हवं होतं, एवढंच मी म्हणेन. डॉक्टर म्हणतात वसंत ऋतूपर्यंत. डॉक्टरांनी मला वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही असंही सांगितलं आहे. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

ज्यांना घाई आहे त्यांनी कलम सहापासून वाचावं. भांडण त्याचंच आहे: गाडीतलं इंजिन विकायचं की उघडून नव्याने बांधायचं.

कलम १. २०१३ साली केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. ते माझा मुलगा क्रेग याने छापून आणलं होतं आणि ओरिन जाऊन वर्षही झालेलं नसल्यामुळे मी न वाचता सही केली होती. माझ्या हातून अशी सही आयुष्यात एकदाच झाली. व्यवस्थापक म्हणून मी वकील लिनेट होल्डरमन यांना नेमते. क्रेगला नेमलं नाही याचा अर्थ त्याच्यावर विश्वास नाही असा नव्हे. तो या प्रकरणात एका बाजूचा आहे, आणि दुसऱ्या बाजूची मी, म्हणून.

कलम २. मला ओरिनच्या शेजारी पुरावं. फुलं नकोत. प्रेत सजवणाऱ्या माणसाने माझ्या नखांतला काळेपणा घासून काढू नये. तो पन्नास वर्षांत निघाला नाही, त्याच्याकडून तासाभरात निघणार नाही. चर्चमध्ये जेवण ठेवावं: कोंबडीच्या रश्शातल्या शेवया, कुस्करलेल्या बटाट्यांवर वाढलेल्या, नेहमीप्रमाणे. मी आजाराशी शूरपणे झुंजले वगैरे पाद्रीसाहेबांनी म्हणू नये. मी आजाराशी झुंजले नाही, मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

कलम ३. घर, घराखालची चार एकर जमीन आणि बँकेतली शिल्लक क्रेगला. पूर्ण. त्यात कोणाचा वाटा नाही. तो कोलंबसला राहतो आणि हे घर विकणार हे मला माहीत आहे. विकावं. घर हे घर आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

कलम ४. वर्कशॉप, त्यातली सगळी यंत्रं, हत्यारं व मोजमापाची साधनं माझी भाची मार्लीस हिला. मार्लीस शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजमध्ये बावीस वर्षं मेकॅनिक आहे. आमच्या घरच्या कार्यांत लोक तिला 'बसवाली' म्हणून हसतात. हसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की प्रत्येक बसच्या डिझेल इंजिनाला टर्बो, म्हणजे दाबाने हवा भरणारा पंखा, असतो, आणि या जिल्ह्यात मार्लीसइतके टर्बो कोणी उघडून परत बसवलेले नाहीत. मायक्रोमीटरचा संच लाकडी पेटीत आहे. मार्लीस, तो कोणालाही उसना द्यायचा नाही. नवऱ्यालाही नाही. पुढे केलास तर त्या नवऱ्यालाही नाही.

कलम ५. श्री. गेल कूम्स, माझे प्रतिस्पर्धी, यांनी १९९१ साली माझ्याकडून सिलिंडर आतून घासून गुळगुळीत (होन) करताना ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य बिडाच्या ठोकळ्यावर, आवळायची जाड पोलादी पट्टी दोन दिवसांसाठी नेली. ती मी त्यांना कायमची देते. बत्तीस वर्षं ती चोरीची होती, आता कायदेशीर झाली.

गेलबद्दल आणखी एक गोष्ट लिहायची आहे, ती कलम सातमध्ये लिहिली आहे. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात लोकांबद्दलच्या तक्रारी घालत नाहीत. मी विचारलं, मग कुठे घालतात? त्यांनी पुढचं पान उलटलं.

कलम ६. माझ्या नावावरची १९७० सालची शेव्हेल गाडी आणि तिचं मूळ चारशे चोपन्न घनइंची इंजिन मी मार्लीसला देते, ते या अटीवर की इंजिन माझ्या आराखड्याप्रमाणे बांधायचं, गाडीत घालायचं आणि गाडी चालवायची. मांडून ठेवायची नाही, चालवायची.

ही गाडी आम्ही नवी घेतली. मी तेव्हा बावीस वर्षांची, कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते. अर्धे पैसे माझे. एवढं मोठं इंजिन कशाला, असं माझ्या सासूबाईंनी विचारलं तेव्हा ओरिनने माझ्याकडे बोट दाखवलं होतं, आणि ते खरं होतं.

आराखडा निळ्या वहीत आहे. १९८२च्या हिवाळ्यात लिहिला, त्यानंतर फक्त सुट्या भागांची नावं बदलली, गणित बदललं नाही. थोडक्यात असा: क्रँक पाव इंच जास्त स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन तेवढा जास्त खाली जातो आणि तेवढी जास्त हवा ओढतो. सिलिंडर साठ थाऊने मोठे करायचे. (वकीलबाईंसाठी: थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा. तुमच्या डोक्याचा केस तीन थाऊ असतो.) दोन्ही मिळून चारशे शहाण्णव घनइंच होतात. कोणीतरी येऊन म्हणेल, अजून थोडं कापा की, पाचशेचा आकडा छान दिसतो. त्याला दार दाखवावं. मार्लीसने ब्लॉकच्या भिंतींची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासली आहे. कापल्यावर सगळ्यात पातळ जागा दोनशे वीस थाऊ उरते. टर्बोचा दाब सोसायचा तो या भिंतींनी, आकड्याने नाही.

स्ट्रोक वाढला की कनेक्टिंग रॉडची (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याची) टोकं सिलिंडरच्या तळाला लागतात. तिथे हाताने खाच करायची, पण त्या भिंतीमागे पाणी खेळतं हे विसरायचं नाही. मग क्रँक हाताने पूर्ण फिरवून आठही सिलिंडर बघायचे, एकही वगळायचा नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती पट दाबायची ते, साडेआठ. गेल कूम्स म्हणेल दहा. त्याच्या इंजिनाला टर्बो नसतो. टर्बोचा दाब पहिले पाचशे मैल सहा पौंड, नंतर दहा. त्याच्या वर नाही. मार्लीस, मला तुझा स्वभाव माहीत आहे, म्हणून परत लिहिते: त्याच्या वर नाही.

आणि पिस्टनच्या वरच्या रिंगांची फट तीस थाऊ. तीस.

कलम ७. हे कलम क्रेगसाठी आहे.

१९८३ साली आम्ही हेच इंजिन एकदा बांधलं होतं, पण शेव्हेलच्या ब्लॉकवर नाही. ओरिन म्हणाला, आधी भंगारातल्या ट्रकच्या ब्लॉकवर करून बघू. मी कबूल झाले. सगळं मशीनकाम मी केलं. जोडणी सुरू करायची त्याच आठवड्यात माझी आई केंटकीत आजारी पडली आणि मी नऊ दिवस तिच्या उशाशी होते. वही मी बाकावर उघडी ठेवून गेले. जोडणी ओरिनने केली. मी परत आले तेव्हा इंजिन ओरिनच्या शर्यतीच्या जुन्या गाडीत बसलेलं होतं आणि तो लग्नाच्या दिवशी हसला नसेल तेवढा हसत होता.

जिल्ह्याच्या हद्दीवर पाव मैलाची शर्यतीची पट्टी होती. पहिल्या दोन फेऱ्या अशा गेल्या की कुंपणाशी उभे असलेले लोक कुंपणावर चढले. तिसऱ्या फेरीत अर्ध्या वाटेवर इंजिन फुटलं. रॉड ब्लॉकच्या कुशीतून बाहेर आला, तेल मागच्या चाकाखाली गेलं आणि गाडी भिंतीवर आदळली. ओरिनचा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. नंतर तो आयुष्यभर लंगडला. क्रेग, तू अकरा वर्षांचा होतास आणि लाकडी बाकांवर माझ्या शेजारी बसला होतास. तुझ्या हातातली लेमनेडची बाटली माझ्या बुटांवर सांडली होती. मला सगळं आठवतं.

तेव्हा कुंपणाशी गेल कूम्स सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला: "बायकांनी घरखर्चाचा हिशोब करावा. इंजिनाचा केला की असं होतं." तो ओरिनचा मित्र होता आणि घाबरलेला होता, हे मला आज समजतं. तेव्हा समजलं नाही. वर्षाच्या आत आमची निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली.

इंजिन मी एकटीने उघडलं. पिस्टनची रिंग पूर्ण गोल नसते; तिच्या दोन टोकांमध्ये फट ठेवतात, कारण तापली की रिंग वाढते. साध्या इंजिनात अठरा-एकोणीस थाऊ पुरते. टर्बोने उष्णता वाढते, म्हणून फट जास्त लागते. कमी ठेवली तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरला करकचून धरते आणि पिस्टनचा माथा उपटून काढते. सातव्या सिलिंडरमधल्या रिंगची टोकं आरशासारखी चकाकत होती. भिडल्याशिवाय तशी होत नाहीत. मी बाकीच्या मोजल्या. वहीत तीस होतं. रिंगांना अठरा होतं.

दवाखान्यात ओरिनचा पाय टांगलेला होता. त्याने विचारलं, "काय झालं होतं, ट्वाय?" मी म्हटलं, पेट्रोल भेसळीचं होतं. त्याने मान भिंतीकडे वळवली आणि झोपला. लोक म्हणत राहिले की स्नॅव्हलीबाईच्या गणिताने नवरा लंगडा केला, आणि मी म्हणू दिलं.

का, ते सांगते. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य हातांच्या कामावर उभं होतं, त्याला पाय गेल्याच्या आठवड्यात 'तुझ्या हातांनीच झालं' हे सांगायला माझी जीभ वळली नाही. आणि घरात एक मुलगा होता. त्याला निदान बाप तरी बिनचूक वाटू दे, असं मी ठरवलं. तो मान मला मिळाला नाही तरी चालेल असं वाटलं. चाळीस वर्षं चालवून घेतलं. आता नाही चालत. मला राग येतो, क्रेग. रोज सकाळी उठल्यावर येतो, अजून.

ओरिनला माहीत होतं. तो गेला त्या महिन्यात, पलंगावर उशीला टेकून बसला असताना म्हणाला, "तू तीस लिहिलं होतंस. आपण सगळे अठरा ठेवायचो. मला वाटलं तुझ्या हातून चूक झाली. तुला वाईट वाटू नये म्हणून न सांगता सुधारली."

मी म्हटलं, कॉफी गार होतेय, पी.

एकोणतीस वर्षांत या विषयावर आम्ही एवढंच बोललो. त्याच्यावर माझं प्रेम होतं, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही. त्याने माझी लाज राखायला फट कमी केली आणि मी त्याची राखायला तोंड बंद ठेवलं. दोघंही मूर्ख.

कलम ८. यंदाच्या ऑगस्टमध्ये क्रेग पेनसिल्व्हेनियाच्या एका संग्राहकाला घेऊन आला. त्या माणसाने गाडीभोवती फेरीही मारली नाही. बॉनेट उघडलं, विजेरी आणि दंतवैद्यासारखा छोटा आरसा काढला आणि उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे, ब्लॉकच्या वरच्या काठावर ठोकलेला नंबर वाचला. तो गाडीच्या नंबराशी जुळतो. तेवढ्यावर त्याने जी किंमत सांगितली तिच्यात या रस्त्यावरची दोन घरं येतील. गाडी कशी चालते हे त्याने विचारलं नाही. ती ओरिन गेल्यापासून सुरूच केलेली नाही, हे ऐकून उलट खूश झाला.

मी म्हटलं, हा ब्लॉक मी बांधायला घेणार आहे. त्याचा चेहरा मी मुलाला कापणार म्हटल्यासारखा झाला. त्याला कळत होतं: हेड नीट बसायला ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मशीनवर कापून सपाट करावा लागतो, आणि नंबर त्याच पृष्ठभागावर असतो. एक कट आणि नंबर गेला. नंबर गेला की ती त्यांच्या लेखी नुसती जुनी गाडी.

तो गेल्यावर क्रेग याच टेबलाशी बसला. आधी शांतपणे बोलला. बाजारात आजकाल नवे ब्लॉक मिळतात, जास्त मजबूत. मार्लीसला तो घेऊन देतो, त्यावर काय ते करा, हा विकू या. बोलणं चुकीचं नव्हतं. मी नाही म्हटलं. मग त्याने ते सांगितलं जे त्याच्या पोटात होतं.

"आई, त्या वहीने बाबांचा पाय घेतला. अजून तुझं समाधान झालं नाही?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मला खोकल्याची उबळ आली, तो पाणी आणायला उठला, आणि परत आला तेव्हा तो माझा मुलगा होता आणि मी आजारी बाई. मग राहिलं ते राहिलं.

वकीलबाईंनी मला स्पष्ट सांगितलं आहे की कलम सहामधली अट कच्ची आहे. मेलेल्या माणसाला इंजिन बांधून घेता येत नाही. क्रेगने हरकत घेतली तर खटला दोन वर्षं चालेल, आणि एवढी किंमत समोर असताना मार्लीसवर इतका दबाव येईल की ती शेवटी विकायला तयार होईल. मी विचारलं, किंमतच नसेल तर? त्या म्हणाल्या, मग भांडायला काही उरत नाही.

म्हणून मंगळवारी, दहा ऑक्टोबरला, मी वर्कशॉपमध्ये गेले. ऑक्सिजनचं नळकांडं मार्लीसने दाराबाहेर ठेवलं आणि लांब नळी आत आणली. ब्लॉक तिने यारीने मशीनवर चढवला. गेल कूम्सला मी बोलावलं होतं, कारण या वयात ब्लॉक समतल लावायला दोन म्हातारे डोळे लागतात, आणि कारण मला साक्षीदार पाहिजे होता. त्याने डायल गेज लावलं, दोनदा तपासलं आणि मग यंत्र सुरू करायच्या आधी माझा हात धरला.

"ट्वायला, हा गेला की परत येत नाही. माहीत आहे ना?"

मी म्हटलं, त्रेपन्न वर्षं माहीत आहे, हात सोड.

बारा थाऊचा कट. उजवी बाजू आधी. बिडाचा काळा भुगा उडाला, आणि जिथे नंबर होता तिथे नुकत्याच पुसलेल्या ताटासारखी स्वच्छ जागा झाली. नंबर भुग्यात गेला आणि भुगा मार्लीसने झाडून कचऱ्यात टाकला. मला रडू येईल असं वाटलं होतं. भूक लागली. आम्ही तिघांनी डबे उघडून तिथेच खाल्लं.

तेव्हा क्रेग, तुला विकायला आता काही नाही. माझ्यावर चिड. मार्लीसवर चिडू नकोस, यंत्राची कळ मी दाबली.

कलम ९. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडायचं असतं. मी तोवर थांबणार नाही. येत्या सोमवारी याची एक प्रत क्रेगला पोस्टाने जाईल, कारण त्याचं उत्तर मला ऐकायचं आहे, मग ते कसंही असो. मी जिवंत असताना इंजिन पेटलं, तर कलम सहामधली अट पुरी झाली असं समजावं, आणि पहिल्या फेरीला गाडीत चालकाच्या शेजारी मी असेन. डॉक्टरांना कळवायची गरज नाही.

वकीलबाईंनी आज सही नको म्हटलं, कारण आज तेरा तारीख आणि शुक्रवार, अपशकुनी दिवस. माझ्याकडे इतके शुक्रवार शिल्लक नाहीत. मी हे सगळं वाचलं, समजलं, आणि यातला एकही शब्द मागे घेत नाही.

ट्वायला जीन स्नॅव्हली (सही)
स्थळ: पिक्वा, जिल्हा मायामी, ओहायो
दिनांक: १३ ऑक्टोबर २०२३

आमच्यासमक्ष सही झाली:

साक्षीदार १. डोरीन विक, शेजारी. (सही)

साक्षीदार २. गेल कूम्स, वय एकोणऐंशी, इंजिनांचं मशीनकाम. (सही) वकीलबाईंनी मला फक्त बाई शुद्धीत आहेत का एवढंच विचारलं. आहेत. पण मला खाली दोन ओळी लिहायच्या आहेत आणि त्या इथेच राहाव्यात.

क्रेग, १९८३ चा तो फुटका ब्लॉक तुझ्या आईने मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवला आहे. काल मी तो उघडून धड राहिलेल्या सहा सिलिंडरांत त्याच जुन्या रिंगा बसवल्या आणि फटी माझ्या स्वतःच्या गेजने मोजल्या. सतरा, अठरा, अठरा, एकोणीस, अठरा, अठरा. वहीत तीस लिहिलेलं आहे आणि ती शाई जुनी आहे. तुझ्या आईचं गणित बरोबर होतं. मी तेव्हा मोजायला हवं होतं, मी नुसता बोललो.